चाचणीवर बंदी, गर्भपातावर नाही: महाराष्ट्राचा १९८८चा कायदा आणि स्त्रीवाद्यांमधला न सुटलेला पेच

मे १९८८मध्ये महाराष्ट्रात गर्भलिंगनिदानाला आवर घालणारा कायदा लागू झाला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. कायदा सरकारला आपसूक सुचला नव्हता. मुंबईतल्या स्त्रीसंघटना, आरोग्य कार्यकर्ते, लोकविज्ञान चळवळीतली माणसं आणि काही वकील १९८५-८६च्या सुमारास ‘फोरम अगेन्स्ट सेक्स डिटरमिनेशन अँड सेक्स प्रीसिलेक्शन’ या मंचाखाली एकत्र आले. त्यांनी धरणं धरलं, मुलींना बरोबर घेऊन मोर्चे काढले, आमदारांची दारं ठोठावली आणि दोन-अडीच वर्षांत कायदा पदरात पाडून घेतला.

अडचण अशी की हीच माणसं स्त्रीच्या गर्भपाताच्या हक्काच्या बाजूची होती. मुलगी आहे म्हणून होणारा गर्भपात थांबवायचा, पण गर्भपात थांबवायचा नाही, अशी रेष त्यांना ओढायची होती. हे प्रकरण अभ्यासायचं ते या रेषेसाठी. ती मूळ ठिकाणी बरोबर ओढली गेली होती असं आमचं मत आहे. पुढे ती जिथे जिथे पुसट झाली, तिथे किंमत मोजली ती साधा, कायद्यात बसणारा गर्भपात हवा असलेल्या बाईने. आणि ती पुसट व्हायला फक्त सरकार किंवा डॉक्टर कारणीभूत नव्हते. स्त्रीवादाच्या वेगवेगळ्या धारांमध्ये जे प्रश्न तेव्हा सुटले नाहीत, तेही कारणीभूत होते.

न मागता मिळालेला कायदा

१८६०च्या भारतीय दंडसंहितेने कलम ३१२खाली गर्भपात गुन्हा ठरवला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, पोटात गर्भ हलू लागला असेल तर सात वर्षांपर्यंत, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्यात गुन्हेगार. आज तेच शब्द थोड्या फरकाने भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८मध्ये आहेत. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच कायद्याच्या सावलीत. ब्राह्मण विधवेला दिवस गेले तर गर्भ पाडणं, जन्मलेलं मूल मारणं किंवा स्वतः जीव देणं, एवढेच मार्ग तिच्यापुढे उरत. फुल्यांनी बाईला पिंजऱ्यात उभं केलं नाही. तिचं केशवपन करणाऱ्या, पुनर्विवाह नाकारणाऱ्या आणि तिच्यावर हात टाकणाऱ्या घराकडे त्यांनी बोट दाखवलं. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला तो डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून. तो फेटाळला गेला. म्हणजे गर्भ आणि बाळंतपण हा हक्काचा विषय आहे, हे सांगणारी परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे आणि ती जातीच्या प्रश्नाशी पहिल्यापासून बांधलेली आहे.

१९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा, म्हणजे बोलीतला एमटीपी कायदा, मात्र या परंपरेतून आला नाही. १९६४ साली महाराष्ट्रातले मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९६६ अखेरीस तिचा अहवाल आला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या, ही समितीची काळजी खरी होती. पण आजूबाजूची हवा लोकसंख्या नियंत्रणाची होती. १ एप्रिल १९७२पासून लागू झालेल्या कायद्याची रचना नीट पाहिली तर हे उमगतं. स्त्रीला गर्भपाताचा हक्क आहे, असं वाक्य त्यात कुठेच नाही. नोंदणीकृत डॉक्टरने सद्हेतूने मत बनवून ठरावीक कारणासाठी गर्भपात केला तर त्याच्यावर गुन्हा लागणार नाही, इतकंच तो म्हणतो. १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, १२ ते २० आठवड्यांत दोघांचं. गर्भनिरोधक फसलं हे कारण चालेल, पण फक्त विवाहितेला.

अमेरिकेत आणि युरोपात बायकांनी हा हक्क रस्त्यावर उतरून मागितला. इथे कायदा आधी आला आणि चळवळ नंतर उभी राहिली. त्यामुळे १९८५मध्ये मुंबईतल्या कार्यकर्त्या जेव्हा गर्भपाताविषयी बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या हातात हक्काची स्वतःची भाषा नव्हती. ‘दो या तीन बस’ची सरकारी भाषा तेवढी होती.

टेबलावरचे तीन पर्याय

गर्भजल तपासणी सत्तरच्या दशकाच्या मध्यात दिल्लीच्या एम्समध्ये सुरू झाली ती जनुकीय दोष शोधण्यासाठी. लिंग कळतं म्हटल्यावर मागणी त्याचीच वाढली. सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानासाठी तिचा वापर थांबवला गेला आणि खासगी दवाखान्यांना मोकळं रान मिळालं. आज पाचशे खर्च करा, उद्याचे पाच लाख वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे झळकत होत्या. आरोग्य खात्याच्या सांगण्यावरून डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६मध्ये मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतले ४२ जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करत होते. विधिमंडळात या आकड्याने जे काम केलं ते शंभर भाषणांनी केलं नसतं.

तपासणीचं वेळापत्रक इथे ध्यानात घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून निघतो. पोटातून सुई घालून साधारण १५ ते १८व्या आठवड्यात गर्भजल काढतात. त्यातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं पाहायची तर अहवालाला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे ‘मुलगी’ असं कळेपर्यंत बाई सतराव्या ते एकविसाव्या आठवड्यात पोचते, कायद्याच्या काठावर. लिंग पाहून केलेला गर्भपात दुसऱ्या तिमाहीतच होणार. आणि कागदावर त्याचं कारण लिहिलं जाणार, ‘गर्भनिरोधक फसलं’.

मंचापुढे तीन वाटा होत्या. पहिली, एमटीपी कायद्यातच दुरुस्ती करून लिंगावरून गर्भपात करायला मनाई करायची. दुसरी, गर्भाच्या सगळ्याच तपासण्या बंद करायच्या. तिसरी, गर्भपाताला हात न लावता फक्त तपासणीला वेसण घालायची आणि शिक्षा डॉक्टरला ठेवायची.

पहिली वाट सोडून द्यायचं कारण व्यवहारातलं होतं आणि ते आजही तितकंच खरं आहे. सतराव्या आठवड्यात आलेली बाई सांगते, कॉपर-टी असूनही दिवस राहिले. ती खरं बोलते का खोटं, हे शोधायचं कसं? तिला आधीच्या मुली किती, नवरा काय म्हणतो, सोनोग्राफी कुठे केली, हे विचारून. म्हणजे उशिरा आलेली प्रत्येक बाई संशयित. आणि उशिरा कोण येतं? दिवस गेल्याचं न समजलेली पोरगी, ऊसतोडीच्या फडावरून परतायला वेळ लागलेली मजूर, तालुक्याला डॉक्टरच नसलेल्या गावची बाई. गर्भपाताच्या कायद्यात ‘कशासाठी’ हा प्रश्न एकदा घुसवला की त्याचं उत्तर पहिल्यांदा यांनाच द्यावं लागतं. मंचाने हे ओळखलं आणि तिसरी वाट धरली. अशी दूरदृष्टी चळवळींत क्वचित दिसते, म्हणून तिची दखल घ्यायलाच हवी.

पण त्या वाटेवर सगळे एकाच कारणासाठी चालत नव्हते. समाजवादी धारेतल्या कार्यकर्त्यांचा रोख नफ्यावर होता. हुंडा, वारसा, मुलगी म्हणजे परक्याचं धन ही समजूत, आणि त्यावर दुकान मांडून बसलेला वैद्यकीय धंदा. त्यांच्या लेखी तपासणी करून घेणारी बाई ही त्या व्यवस्थेची बळी. तंत्रज्ञानाकडेच संशयाने पाहणाऱ्या काहीजणींना बाईच्या गर्भावर पुरुषी विज्ञानाचा कब्जा दिसत होता. गर्भनिरोधक इंजेक्शनं आणि गर्भजल तपासणी त्यांच्या दृष्टीने एकाच माळेतली. व्यक्तिस्वातंत्र्य मानणाऱ्यांना मात्र प्रश्न पडला की बाईने स्वतः ठरवलं तर तिला अडवणारे आपण कोण?

हा प्रश्न आधी एकदा उघडपणे लढला गेला होता. १९८३मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त अर्थेतिहासाच्या अभ्यासक धर्मा कुमार यांनी मांडलं की मुली कमी झाल्या तर त्यांची किंमत वाढेल, आणि जन्मून उपेक्षेने मरण्यापेक्षा न जन्मणं बरं. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी त्याला सडेतोड उत्तर दिलं. बाई ही बाजारातली वस्तू नव्हे की तुटवडा पडला म्हणून भाव वधारेल. स्त्रिया जिथे कमी आहेत तिथे त्यांच्यावरचे पहारे वाढतात, पळवून नेणं वाढतं, वाटून घेणं वाढतं. पुढच्या दशकांत दुबे यांचं म्हणणं खरं ठरलं. लग्नासाठी परराज्यांतून विकत आणलेल्या मुली हरियाणात आणि इतरत्र दिसू लागल्या, पण त्यांचा मान वाढल्याचं कुठे दिसलं नाही.

कायदा झाला तो मंचाच्या मसुद्यातून बराच पातळ होऊन. मंचाचा विरोध असतानाही तपासणी करून घेणारी स्त्री शिक्षेच्या कक्षेत आली. देखरेखीच्या समित्यांवर डॉक्टरांचा वरचष्मा राहिला. सामान्य माणसाला थेट कोर्टात तक्रार नेणं अवघड ठेवलं. शिवाय कायदा एकाच राज्याचा, त्यामुळे हद्द ओलांडली की मोकळीक. म्हणून केंद्रीय कायद्याची मागणी पुढे आली. तो १९९४ साली झाला, १ जानेवारी १९९६पासून लागू झाला, आणि तरीही कपाटात पडून राहिला. २००० साली मुंबईची ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या आरोग्य आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. २००३च्या दुरुस्तीने तो आजचा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भधारणेपूर्वी आणि प्रसूतीपूर्वी लिंगनिवडीला मनाई करणारा कायदा झाला. प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची झाली, आणि बाईला भाग पाडलं गेलं असेल तर तिला शिक्षा नाही हे स्पष्ट लिहिलं गेलं.

एकाच बाईची दोन रूपं

दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा. एमटीपी कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. संमतीच्या सी फॉर्मवर तिची एकटीची सही. पीसीपीएनडीटी कायद्याच्या कलम २४मध्ये मात्र न्यायालयाने गृहीत धरायचं की तपासणी तिने नवऱ्याच्या किंवा नातेवाइकांच्या दबावाखाली करून घेतली, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. पहिल्या कायद्यातली बाई स्वतःचं स्वतः ठरवणारी, दुसऱ्यातली दबावाखालची. आणि बाई तीच. एकाच आठवड्यात, एकाच दवाखान्याच्या दोन खोल्यांत.

हे गृहीतक हवंच होतं. त्याविना तीन मुलींची आई तुरुंगात गेली असती आणि तिला फरफटत नेणारा नवरा घरी बसला असता. पण त्याने एक सैद्धांतिक खड्डा उघडा पाडला, आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासक निवेदिता मेनन यांनी नव्वदच्या दशकात त्यावर नेमकं बोट ठेवलं. मुलगी नको म्हणणारी बाई दबावाखाली आहे, म्हणून तिची निवड ही निवड नव्हे, असं आपण म्हणतो. मग तिसरं मूल परवडत नाही म्हणून गर्भपात करणारी, किंवा लग्नाआधी दिवस गेले म्हणून लोकलज्जेने करणारी, तिच्यावर दबाव नसतो काय? दबावात घेतलेला निर्णय हक्क ठरत नसेल, तर गर्भपाताच्या हक्काखालची जमीनच सरकते. आणि ठरत असेल, तर लिंगनिवड कशाच्या आधारावर थांबवायची?

या पेचाला चळवळीने दिलेलं व्यावहारिक उत्तर असं: गर्भपाताचा निर्णय ‘मूल हवं की नको’ एवढाच असतो, तो बाईचा. ‘असलं मूल हवं, तसलं नको’ हा निर्णय वेगळ्या जातीचा आहे. त्यासाठी तपासणी लागते, तपासणी विकणारा लागतो, आणि त्या विक्रेत्याला समाज रोखू शकतो. हे उत्तर आम्हाला पटतं. पण ते एका ठिकाणी सरळ अडखळतं.

अपंगत्वाचा प्रश्न

‘असलं मूल नको’ हे मुलीबाबत अन्याय असेल, तर अपंग मुलाबाबत काय? पीसीपीएनडीटी कायदा गर्भाची तपासणी कोणत्या कारणांसाठी चालेल ते सांगतो, आणि ती कारणं म्हणजे गुणसूत्रांतले दोष, चयापचयाचे आनुवंशिक आजार, थॅलेसिमियासारखे रक्ताचे विकार, जन्मजात व्यंगं. एमटीपी कायदा पहिल्या दिवसापासून ‘गंभीर अपंगत्वाचा धोका’ हे गर्भपाताचं कारण मानतो. अनिता घई यांच्यासारख्या अपंग स्त्रीवाद्यांनी विचारलं की लिंगावरून निवड वाईट आणि शरीरावरून निवड शास्त्रीय, हा भेद केला कोणी?

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नव्हता. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. मासिक पाळीची ‘स्वच्छता’ त्यांना जमत नाही, हे कारण. स्त्रीसंघटनांनी कडाडून विरोध केला तेव्हा अनेकींना पहिल्यांदा जाणवलं की आपल्या ‘माझं शरीर, माझा निर्णय’मध्ये या मुली कधी धरल्याच नव्हत्या. २००८मध्ये २४व्या आठवड्यात गर्भाच्या हृदयात दोष सापडलेल्या एका स्त्रीला मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, तेव्हा स्त्रीवाद्यांची मतं उघडपणे फाकली. बहुतेकजणी म्हणाल्या, निर्णय तिचा. अपंग हक्कांच्या बाजूच्या म्हणाल्या, निर्णय तिचाच असू द्या, पण ‘सदोष गर्भ’ हे कारण कायद्याने का पुरवावं? मुदतच सगळ्यांसाठी वाढवा ना.

आम्हाला या दुसऱ्या म्हणण्यात मोठं तथ्य वाटतं. २०२१च्या दुरुस्तीने नेमकं उलट केलं. बाईचा जीव वाचवण्याची तातडी सोडली तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपात होऊ शकतो, पण गर्भात मोठं व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने सांगितलं तरच. बलात्कारातून दिवस गेलेल्या मुलीला २४ आठवड्यांची रेष आणि व्यंगाला कुठलीच रेष नाही, ही कायद्याची आजची स्थिती आहे.

‘हत्या’ हा शब्द

मोहिमेने जो शब्द गावोगावी नेला तो ‘स्त्रीभ्रूणहत्या’. पथनाट्यांत, भिंतींवर, शाळांच्या निबंधांत, आणि पुढे सरकारी फलकांवरही. ‘आई, मला मारू नकोस’ म्हणणारा गर्भ रंगवला गेला. लोकांच्या काळजाला तो भिडला हे खरं. पण भ्रूणाची ‘हत्या’ होते असं म्हटलं की भ्रूण हा माणूस ठरतो, आणि मग मुलाच्या भ्रूणाचीही हत्याच होते, सहा आठवड्यांच्याही. कायदा चाचणीवर बोट ठेवत होता आणि घोषणा गर्भपातावर. चळवळीतल्या बऱ्याचजणी नंतर हा शब्द टाळून ‘लिंगनिवड’, ‘गर्भलिंगनिदान’ म्हणू लागल्या. तोवर शब्द सरकारजमा झाला होता. आजही आरोग्य केंद्राच्या दारावर एका बाजूला ‘स्त्रीभ्रूणहत्या महापाप’ आणि दुसऱ्या बाजूला ‘येथे सुरक्षित गर्भपात सेवा उपलब्ध’ अशा दोन पाट्या लावल्या, तर वाचणारी बाई पहिलीच मनात घेऊन परत जाते.

अंमलबजावणीत रेष कुठे हलली

आकडे आधी. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात मुली १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. कायदा होऊनही घसरण थांबली नाही. बीड जिल्ह्यात २०११मध्ये हा आकडा ८०७वर आला. दरम्यान सोनोग्राफी यंत्र तालुक्याला पोचलं होतं. सुई नको, प्रयोगशाळा नको. पडद्यावर पाहून डॉक्टरने ‘पेढे वाटा’ किंवा ‘जिलेबी आणा’ म्हटलं की सगळं सांगून झालं. असल्या गुन्ह्याचा कागद मागे राहत नाही.

म्हणून कागदच घट्ट केला गेला. गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या वेळी भरायचा एफ फॉर्म पाहा: गर्भवतीचं नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पूर्ण पत्ता, फोन, हयात मुलगे किती आणि त्यांची वयं, हयात मुली किती आणि त्यांची वयं, कोणी पाठवलं, किती आठवडे, तपासणीचं कारण, आणि शेवटी ‘मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही’ असं तिचं सहीनिशी प्रतिज्ञापत्र. नोंदी दोन वर्षं जपायच्या, महिन्याचा अहवाल पुढच्या ५ तारखेपर्यंत द्यायचा. डॉक्टर संघटनांनी याला कारकुनी चूक आणि गुन्हा यांतला फरक पुसणारा फॉर्म म्हटलं, पण २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला. बरोबरच केलं, कारण या गुन्ह्यात रिकामा सोडलेला रकाना हाच पुष्कळदा एकमेव पुरावा असतो.

पण त्याच फॉर्मकडे बाईच्या बाजूने बघितलं की दुसरं काही दिसतं. दोन मुलींची आई कोण, कुठे राहते, कितव्या महिन्यात आहे, याची यादी सरकारकडे तयार होते. कोल्हापुरात २००९च्या सुमारास सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण बसवलं गेलं. २०११मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. २०१६मध्ये तर केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी सुचवलं की प्रत्येक गर्भाचं लिंग सक्तीने नोंदवावं आणि त्या बाईवर लक्ष ठेवावं. पाळत डॉक्टरवरून उचलून बाईवर आणण्याचा हा प्रस्ताव होता, आणि स्त्रीसंघटनांनी तो एकमुखाने नाकारला.

२०१२मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीत लिंग पाहून बेकायदा गर्भपात करणाऱ्या डॉक्टरचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा राज्यभर कारवाईचा धडाका सुरू झाला. त्यात गर्भपाताच्या गोळ्याही आल्या. अन्न व औषध प्रशासनाच्या तपासण्यांनंतर असंख्य औषध दुकानदारांनी एमटीपी किट ठेवणंच बंद केलं. यातली चूक साध्या बेरजेने कळते. किटमध्ये २०० मिलिग्रॅम मिफेप्रिस्टोनची एक गोळी आणि २०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉलच्या चार असतात. कायद्याने ती नऊ आठवड्यांपर्यंत वापरायची. सोनोग्राफीत लिंग दिसू लागतं ते साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर. म्हणजे जे किट नियमाप्रमाणे वापरलं तर लिंगनिवड होऊच शकत नाही, तेच दुकानातून गायब झालं. त्या बाईपुढे मग उरलं काय? थांबणं, पैसे जमवणं, आणि दहाव्या-बाराव्या आठवड्यानंतर ‘पिशवी साफ’ करून देणारा शोधणं. मार्च २०१७मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये एका बाईच्या मृत्यूनंतर १९ भ्रूण सापडले, तेव्हा असा शोध कुठल्या दारापर्यंत नेतो हे सगळ्यांनी पाहिलं. २०१५ साली देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. गोळी हा चैनीचा पर्याय नव्हे. बहुसंख्य बायकांसाठी तोच गर्भपात आहे.

दलित-बहुजन स्त्रीवादी मांडणीचं वजन इथे कळतं. ‘निवड’ हा शब्द ज्यांच्याकडे पैसे, ओळखी आणि वेळ आहे त्यांच्या तोंडी शोभतो. मजूर बाईचा प्रश्न आधी असा असतो की प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे का, आणि तो गर्भपाताबरोबर नसबंदीची अट घालतो का. पण ही धारा राज्यसंस्थेपासून दूर राहणारी आहे असं समजू नये. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांनी दलित महिला विकास मंडळाच्या ‘लेक लाडकी अभियाना’तून गर्भवती स्त्रियांना बनावट ग्राहक म्हणून पाठवून एकामागून एक डॉक्टर पकडून दिले. शिक्षेच्या कायद्यावर विसंबणारा स्त्रीवाद नको म्हणणाऱ्या शहरी अभ्यासकांना हे रुचलं नाही. पण लिंग सांगणाऱ्या डॉक्टरला कोर्टात उभं करायचा दुसरा खात्रीचा मार्ग त्यांनीही दाखवलेला नाही. अशा बनावट ग्राहकाच्या, म्हणजे डिकॉय केसमधली खरी कमजोरी निराळी आहे. पोटात मूल असलेली बाई पंच, जबाब आणि उलटतपासणी यांतून वर्षानुवर्षं जाते, आणि ती थकली की खटला पडतो.

२०२१नंतर

दुरुस्तीने पुष्कळ दिलं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कारपीडिता, अल्पवयीन मुली, गरोदरपणातच विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग स्त्रिया अशा गटांना २४ आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने मुभा आहे. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’च्या जागी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आलं. २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेला यातून वगळता येणार नाही असं सांगितलं, आणि गर्भपाताच्या कायद्यापुरता वैवाहिक बलात्कारही बलात्कारच मानला. स्वायत्ततेच्या धारेचा हा विजय आहे यात शंका नाही. तरी कायद्याचा कणा १९७१चाच राहिला: बाईला हवं म्हणून नव्हे, तर डॉक्टरला पटलं म्हणून. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये २६ आठवड्यांच्या विवाहितेला त्याच न्यायालयाने परवानगी नाकारली, तेव्हा तो कणा सगळ्यांना पुन्हा दिसला.

रेष रोज जिथे सांभाळावी लागते ती जागा मात्र सर्वोच्च न्यायालय नाही. पीसीपीएनडीटी कायद्याखालच्या सल्लागार समितीत तीन सामाजिक कार्यकर्ते असावे लागतात आणि त्यांत किमान एक स्त्रीसंघटनेची प्रतिनिधी. दोन बैठकांत ६०हून अधिक दिवस जाऊ नयेत असा नियम आहे. १९८६च्या मोर्चांतून मिळालेली ही एक खुर्ची. त्या खुर्चीत बसणारीने प्रत्येक बैठकीत निदान तीन गोष्टी विचाराव्यात. तपासणी पथक सोनोग्राफी केंद्रात गेलं तेव्हा एफ फॉर्मच तपासले, की गर्भपाताचं प्रवेश रजिस्टरही उघडायला लावलं? ते रजिस्टर गोपनीय आहे, पाच वर्षं कुलूपबंद ठेवायचं आहे, आणि कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणाला बाईचं नाव सांगितलं तर एमटीपी कायद्याच्या कलम ५-अ खाली तो गुन्हा आहे. जिल्ह्यात किती दुकानांत किट मिळतं? आणि गेल्या दोन महिन्यांत दुसऱ्या तिमाहीतल्या किती बायकांना सरकारी रुग्णालयाने ‘पीसीपीएनडीटीची भानगड नको’ म्हणून परत पाठवलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच फॉर्ममध्ये भरलं जात नाही. त्यासाठी रकाना करायला लावणं, हे त्या खुर्चीचं पहिलं काम.